अवटू ग्रंथीची अतिक्रियाशीलता : कारणमीमांसेचा इतिहास

गळ्याच्या पुढील भागात श्वासनालाला लगटून असलेली अवटू (थायरॉइड) ग्रंथी प्रमाणाबाहेर हॉर्मोन स्रवू लागली, म्हणजे छातीत धडधड, वजनात घट, हातांना कंप व उष्णता सहन न होणे ही लक्षणे उद्‌भवतात. लक्षणे सारखी असली, तरी त्यांमागील कारणे भिन्न असतात, हे कळण्यास दीर्घ काळ लागला.

इंग्लंडमधील कॅलेब पॅरी यांनी १७८६ मध्ये पाहिलेल्या अशा रुग्णाचे वर्णन १८२५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज (१८३५) व जर्मनीतील कार्ल फोन बाझेडो (१८४०) यांनी या विकाराची सविस्तर वर्णने केली. त्याचे मूळ प्रथम हृदयात, नंतर तंत्रिका तंत्रात शोधले गेले. १८८६ मध्ये पाउल मोबियस यांनी ते अवटू ग्रंथीत असल्याचे प्रतिपादिले. ग्रंथीतील गाठीही स्वतंत्रपणे अतिस्राव करतात, हे हेन्री प्लमर यांनी १९१३ मध्ये दाखविले. १९५६ मध्ये न्यूझीलंडमधील ॲडम्स व पर्व्हस यांना रुग्णांच्या रक्तात ग्रंथीला दीर्घकाळ उत्तेजित करणारा पदार्थ आढळला. तो शरीरानेच स्वतःविरुद्ध निर्मिलेला प्रतिपिंड होय, हे पुढे सिद्ध झाले.

आयोडीन हे गलगंडावरील औषध. पण गाठी असलेल्या ग्रंथीत तेच अतिस्रावास कारण होऊ शकते. टास्मानियात १९६६ मध्ये पावात आयोडीन घालू लागल्यावर असे रुग्ण वाढले. भारतात गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला व २००६ पासून परभणीसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांसह सर्वत्र खाण्यासाठी आयोडीनयुक्त मीठच विकण्याचे बंधन आहे. आयोडीनन्यूनतेने बालकांच्या मेंदूची वाढ खुंटते. त्या मानाने हा धोका अल्प व बहुधा तात्पुरता असल्याने असे मीठ टाळणे योग्य नव्हे.

कारणानुसार उपचार बदलतात. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रात निदानासाठी व उपचारासाठी किरणोत्सर्गी आयोडीन वापरले जाते. प्रतिपिंडजन्य विकारात संपूर्ण ग्रंथी ते अधिक शोषते, गाठीच्या विकारात मुख्यतः गाठ शोषते. ग्रंथीच्या शोथात मात्र साठलेले हॉर्मोन केवळ पाझरते, शोषण घटते. अशा रुग्णाला हॉर्मोननिर्मिती रोखणाऱ्या औषधांचा उपयोग होत नाही. म्हणून उपचारापूर्वी कारणनिश्चिती आवश्यक ठरते.