वाघोरेची दरी व तिचे पाथरवट

खाण म्हटली म्हणजे सोनें, कोळसा, लोखंड यांची आठवण व्हावी आणि दगडाची होऊं नये, असा मनाचा कल असतो. खाणींतून जें बाहेर येतें त्यास मोल, मागें उरलेल्या खड्ड्यास कांहींच नाहीं, हा तर जगाचा व्यवहारच होय. अजिंठ्यास हा व्यवहार उलटा झाला. तेथें काढलेला दगड कोणाच्या लेखीं राहिला नाहीं, आणि उरलेल्या पोकळीस मात्र तीर्थाचें माहात्म्य आलें. त्या पोकळीस आपण लेणें म्हणतों. हा शब्द ‘लयन’, म्हणजे निवासस्थान, यावरून आला. त्यांत राहणाराची आठवण आहे, खोदणाराची नाहीं. आम्हांस येथें त्या दुसऱ्या माणसाकडे पाहावयाचें आहे.

मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर मुकुंदवाडीस उतरलें असतां पुढें अशी कांहीं दरी असेल याची कल्पनाहि येत नाहीं. तेथून फुलंब्री, सिल्लोडवरून सुमारें 100 किलोमीटरांची वाट आहे. दोहों बाजूंस काळी जमीन आणि कपाशी. आम्ही श्रावणांत गेलों. फर्दापूरच्या फाट्याकडून जाणारी रूढ वाट टाकून समोरच्या माथ्यावरून पायऱ्यांनीं खालीं उतरावें असें आम्हीं ठरविलें, आणि वाचकांसहि आमची हीच शिफारस आहे. कारण समोरून पाहिल्याखेरीज या जागेची रचना ध्यानांत येत नाहीं. वाघोरा नदीनें येथें घोड्याच्या नालासारखें वळण घेतलें आहे. त्या वळणाच्या कड्यांत, सुमारें 76 मीटर उंचीच्या काळ्या भिंतींत, तीस लेण्यांचीं तोंडें एका रांगेनें उघडलेलीं दिसतात. दरीच्या वरच्या टोकास सात टप्प्यांनीं उड्या घेत पाणी उतरतें. त्यास सातकुंड म्हणतात. पावसाळ्यांत त्याचा घोष सर्व दरीभर भरून राहतो व बरोबरच्या माणसाशीं मोठ्यानें बोलावें लागतें.

ही भिंत सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं थरांवर थर सांचलेल्या लाव्हारसाची. सर्व थर सारखे नाहींत. कांहीं एकजीव व कठीण, कांहीं फोडांनीं भरलेले व ठिसूळ. चौथें लेणें हें येथील सर्वांत मोठें विहार; त्याच्या छतांत दगडाचा सांधा निघाला व छताचा कांहीं भाग कोसळला. तेव्हां कारागिरांनीं काम टाकून न देतां छत आणखी वर खोदून घेतलें. आज त्या दालनाची उंची पाहून लोक वाहवा करतात. ती उंची एका अपघाताची दुरुस्ती आहे हें थोड्यांनाच ठाऊक असतें.

दहावें लेणें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमाराचें. 28 एप्रिल 1819 रोजीं जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आपलें नांव व तारीख याच लेण्याच्या एका खांबावर, तेंहि रंगविलेल्या चित्रावर, ओरखडून ठेविली. तेव्हां आंत मातीदगडांचा ढीग असल्यानें तीं अक्षरें आज माणसाच्या डोक्याच्या वर दिसतात. या चैत्याची लांबी 30.5 मीटर व रुंदी 12.2 मीटर. खांब, कमान व बाजूचे ठेंगणे मार्ग वजा घातले, आणि एक घनमीटर काळ्या दगडाचें वजन पावणेतीन टन धरलें, तरी या एका लेण्यांतून कमींत कमी 5000 टन दगड निघाला असावा असा आमचा ढोबळ हिशेब आहे. हें सारें टिकाव, छिन्नी आणि हातोडा यांनीं. सुरुंगाची दारू त्या काळीं कोणास माहीत नव्हती.

हें काम कसें चाले, हें पुऱ्या झालेल्या लेण्यांत कळत नाहीं. त्यासाठीं अपुरीं लेणीं पाहावीं. वाटाडे तेथून प्रवाशांस घाईनें पुढें नेतात, पण आम्ही चोविसाव्या लेण्यांत बराच वेळ थांबलों. 20 खांबांचें, सुमारें 75 फूट लांबीरुंदीचें दालन येथें योजिलें होतें. छताजवळून आरंभ करून खोदणारे खालीं खालीं येत. त्यामुळें परातीची गरज पडत नसे. टिकावानें लांबच लांब चर आंत न्यावयाचे, दोन चरांमध्यें दगडाच्या भिंती ठेवावयाच्या, आणि मागाहून त्या फोडावयाच्या. जेथें खांब हवा तेवढाच दगड शिल्लक राखावयाचा. चर, भिंती आणि टिकावाच्या रेघा अजून तशाच आहेत. चूक भरून काढण्यास येथें जागा नव्हती. वीट चुकली तर दुसरी लावतां येते. खांबाचा दगड एकदां उडाला कीं उडाला.

चित्रांतील रंगांचीहि एक खाणीचीच कथा आहे. हिरवा रंग याच जातीच्या दगडाच्या पोकळ्यांत सांपडणाऱ्या मातीचा, तांबडा व पिवळा गेरूच्या जातीचा. पण पांचव्या शतकांतील चित्रांतला गडद निळा हा लाजवर्द. तो अफगाणिस्तानांतील बदख्शानच्या खाणींतून यावा लागे. तेथेंहि अशाच अरुंद दरींत कोणी तरी दगड फोडीत असेल.

आतां नांवांविषयीं. सोळाव्या लेण्यांतील लेखांत वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव आपल्या दानाची हकीकत सांगतो. सव्विसाव्या लेण्यांत बुद्धभद्र भिक्षूचें नांव आहे, आणि काम पुरें करून घेणारे त्याचे शिष्य धर्मदत्त व भद्रबंधु यांचेंहि आहे. दात्याचें नांव आलें, देखरेख करणाराचें आलें. टिकाव मारणाराचें आलें नाहीं. टाकीचे घाव सोसल्याखेरीज देवपण येत नाहीं अशी आपल्याकडे म्हण आहे, पण तीहि दगडाच्याच बाजूनें बोलते. घाव घालणाराच्या हाताला किती फोड आले, हें म्हणीनें विचारलें नाहीं.

वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाच्या मतें हरिषेणाच्या मृत्यूनंतर, म्हणजे इ. स. 477 च्या सुमारास, दात्यांचें द्रव्य आटलें व थोड्याच वर्षांत कामें जेथल्या तेथें थांबलीं. सन-सालांबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण काम मध्येंच थांबलें याविषयीं चोविसावें लेणें पाहणारास शंका उरत नाहीं. मजुरी बंद झाल्यावर ते शेंकडों पाथरवट कोठें गेले? वेरूळ येथून फार लांब नाहीं, आणि तेथें पुढच्या शतकांत खोदकाम जोरांत होतें. पहिल्या पिढीचे हात नसले तरी त्यांच्या नातवांचे तेथें असतील, असें आम्हांस वाटतें. चोविसाव्या लेण्यांतील शेवटचा चर मात्र अर्ध्यावरच आहे. त्याच्या तोंडाशीं अजूनहि चार-सहा घाव ठळक दिसतात, आणि त्यापुढें अखंड काळा दगड.