'दुय्यम' द्रव्ये आणि झाडाचा 'ताण'

१८९१ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन रसायनज्ञाने पेशीतील द्रव्यांचे प्राथमिक व दुय्यम असे दोन वर्ग पाडले. प्रत्येक वर्धनक्षम पेशीत आढळणारी ती प्राथमिक; तशी सर्वत्र न आढळणारी ती दुय्यम. दुसऱ्या वर्गातील द्रव्ये निरुपयोगी होत असे या व्याख्येत कोठेही नाही. परंतु शब्दाने आपले काम केले. अल्कलॉइडे, टॅनिने, फिनॉलवर्गीय द्रव्ये ही चयापचयातील टाकाऊ शेष होत, ही समजूत दीर्घकाळ टिकली. वास्तविक येना येथील श्टाल याने १८८८ मध्येच गोगलगायींवरील प्रयोगांच्या आधारे या द्रव्यांचे संरक्षक स्वरूप प्रतिपादिले होते. तो विचार मागे पडला, आणि १९५९ मध्ये फ्रेंकेल याला कीटकांच्या संदर्भात तो नव्याने मांडावा लागला.

अवर्षणग्रस्त वनस्पतीच्या अभ्यासातही असेच घडले. १९५४ मध्ये केंबल व मॅकफर्सन यांना कोमेजत्या राय गवतात प्रोलीन हे अमिनो आम्ल साचलेले आढळले. आणि प्रथिनांच्या विघटनातून मिळावे त्याहून ते अधिक होते. अर्थात् ते केवळ मोडतोडीचे अवशिष्ट नव्हे. वनस्पती ते नव्याने घडवीत होती. ते कशासाठी, हा प्रश्न मात्र उरला.

उत्तराचा एक धागा प्रकाशाकडे जातो. पाणी तुटले की पर्णरंध्रे मिटतात व कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा घटतो. ऊन मात्र पडतच राहते. मग हरितलवकातील इलेक्ट्रॉन प्राणवायूकडे वळतात आणि सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड ही दाहक द्रव्ये निर्माण होतात. प्रकाशात हरितलवके पेरॉक्साइड निर्माण करू शकतात हे मेलर याने १९५१ मध्येच दाखविले होते. सुपरऑक्साइडचा निरास करणारे विकरही हाती होते. मान व केलिन यांनी १९३८ मध्ये बैलाच्या रक्तातून एक ताम्रयुक्त प्रथिन वेगळे केले होते. त्याचे कार्य १९६९ मध्ये मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांना उमगले. तोवर तीस वर्षे ते नुसते 'ताम्रप्रथिन' होते! १९७६ मध्ये फॉयर व हॅलिवेल यांनी हरितलवकातील ग्लुटाथायोन व ॲस्कॉर्बिक आम्ल यांच्या संरक्षक साखळीची कल्पना मांडली. पुढे १९८९ मध्ये स्मर्नॉफ व कंब्स यांना प्रोलीनही हायड्रॉक्सिल मूलकांस निष्प्रभ करते असे आढळले, अर्थात् परीक्षानळीत.

या साऱ्यास व्यापणारी 'स्ट्रेस' ही संज्ञा यंत्रशास्त्रातून आली. १९७२ च्या आपल्या ग्रंथात लेव्हिट याने तिचा मूळ भेद वनस्पतींस काटेकोरपणे लावला : बाहेरून पडणारा भार निराळा, त्यामुळे देहात होणारा फरक निराळा. मराठी पदार्थविज्ञानात या दोहोंस 'प्रतिबल' व 'विकृती' म्हणतात. वनस्पतिशास्त्रात मात्र दोहोंसाठी एकटा 'ताण' वापरला जातो.

विदर्भ-मराठवाड्यातील संत्रा-मोसंबीचे बागाइतदार हा घोटाळा करीत नाहीत. बहार धरण्यासाठी पाणी तोडणे म्हणजे 'ताण देणे'; पाने मलूल होऊन गळू लागली की झाडास 'ताण बसला'. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी जमिनीत उशिरा. दोन वाणांतील विकरांची तुलना करताना पाणी किती दिवस तोडले एवढेच नोंदविणारा प्रबंध दिलेला ताण सांगतो. बसलेला ताण कळावयाचा तर पानातील जलांशही मोजावा लागतो.