१६ डिसेंबर : लक्ष्या गेला तो दिवस

विनोदी अभिनेते लक्ष्मीकांत बेर्डे यांचे २००४ साली आजच्याच दिवशी मुंबईत मूत्रपिंडाच्या विकाराने निधन झाले. वय अवघे पन्नास.

गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता त्यांनी नाटकांत मिळतील त्या लहानमोठ्या भूमिका केल्या. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टुरटूर’ने नाव झाले आणि १९८५च्या ‘धूमधडाका’ने ते घरोघरी पोहोचले. मग ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आली. भाड्याच्या खोलीसाठी पार्वती होऊन लुगडे सावरणारा परशा आजही टीव्हीवर दिसला, की हातातले काम राहते. ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) तर समोर होता एक बाहुला, तात्या विंचू! लक्ष्याच्या चेहऱ्यावरची भीती इतकी खरी, की हसणारी मुलेही आईला बिलगत. ‘मैंने प्यार किया’ने ते हिंदी प्रेक्षकांचेही लाडके झाले.

पण त्यांचे मोठेपण पाहायचे तर ‘एक होता विदूषक’ (१९९२) पाहावा. पु. ल. देशपांडे यांची पटकथा, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि तमाशातल्या सोंगाड्याची भूमिका. हसवणाऱ्याच्या आतले दुःख लक्ष्मीकांतनी ज्या संयमाने दाखवले, त्याला तोड नाही. अशा भूमिका त्यांच्या वाट्याला पुन्हा फारशा आल्या नाहीत, ही हळहळ आजही जात नाही. पडद्यावर नाव काहीही असो, प्रेक्षक त्यांना लक्ष्याच म्हणत, घरातल्या मुलाला हाक मारावी तसे.