सेरो सर्वेक्षण

एखाद्या विषाणूचा संसर्ग लोकसंख्येत किती पसरला, हे रक्तरसातील प्रतिपिंडांवरून ठरविणारी पाहणी. लक्षणे नसलेले किंवा चाचणी न झालेले रुग्ण सरकारी आकडेवारीत येत नाहीत. संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत तयार होणाऱ्या प्रतिपिंडांमुळे त्यांचाही अंदाज बांधता येतो. त्यासाठी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या व्यक्तींचे रक्त तपासतात.

कोविड-१९ च्या साथीत बृहन्मुंबई महानगरपालिका, नीती आयोग व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी जुलै २०२० मध्ये माटुंगा, चेंबूर-टिळकनगर व दहिसर या परिसरांतील तीन विभागांत ६,९३६ नमुने तपासले. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७%, तर इतर वस्तीत १६% लोकांत प्रतिपिंडे आढळली. सामायिक शौचालये व दाट वस्ती ही तफावतीची संभाव्य कारणे मानली गेली.

चाचणीची संवेदनक्षमता व विशिष्टता लक्षात घेऊन निष्कर्षांत दुरुस्ती करावी लागते. काळानुसार प्रतिपिंडे घटतात. पेशीजन्य प्रतिकारशक्ती या चाचणीत दिसत नाही. लसीकरणानंतर विषाणूच्या काटा-प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे लसीमुळेही आढळतात. त्यामुळे प्रतिपिंडधारकांचे प्रमाण म्हणजे संरक्षित लोकांचे प्रमाण नव्हे.