पदकावरचा देवदूत

स्मृतिपदकांच्या संग्राहकाला राष्ट्राचा इतिहास तळहातावर तोलता येतो. मात्र तो पदक पाडणाऱ्याच्या नजरेतून. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीतील पदकांचा ग्रंथ फ्रान्समध्ये १७०२ साली राजाश्रयाने निघाला. विजय आणि राजगौरव त्यात ओसंडून वाहतात. आम्हां कॅथलिकांना मात्र त्याआधीचे एक पदक अस्वस्थ करते. ऑगस्ट १५७२ मध्ये पॅरिसात, पाठोपाठ इतर शहरांत, हजारो ह्यूगनो प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी तिचे पदक पाडविले: एका बाजूस स्वतःची मुद्रा, दुसऱ्या बाजूस क्रूस व तलवार घेतलेला देवदूत आणि समोर कोसळणारी माणसे. (१५८२ साली पंचांग सुधारणारे ते हेच पोप!) असे पदक संग्रहातून वगळावे काय? आम्ही ते ठेवू. २३ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्येच पोप दुसरे जॉन पॉल यांनी युवकांसमोर त्या कत्तलीचे सखेद स्मरण केले.