पानं उडवायचं यंत्र

दोन वर्षांपूर्वी ऑनसाईटला लॉस एंजेलिसमध्ये होतो. रात्री उशिरापर्यंत पुण्याच्या टीमशी कॉल, आणि सकाळी सातला खिडकीखाली घर्रर्र! पहिल्या दिवशी वाटलं, कुणीतरी आरएक्स १०० रेस करतंय. खाली बघतो तर एक माळीकाका. पाठीवर इंजिन, हातात नळकांडं आणि पुढे पळणारी पाच-पन्नास पानं. च्यायला, यांच्याकडे झाडू नसतो का?

शनिवारी चिडून वाचायला बसलो, तर कळलं की ज्या आवाजाने मी उठतोय तो या शहरात १९९८ पासून बेकायदा आहे!

हा लीफ ब्लोअर जपानी इंजिनियर लोकांनी १९७० च्या सुमाराला अमेरिकेत आणला. शेतात औषध मारायच्या पाठीवरच्या पंपाचाच हा भाऊ. कॅलिफोर्नियात १९७६-७७ ला मोठा दुष्काळ पडला, पाईपने अंगण धुवायला गावोगावी बंदी आली आणि याचं फावलं. कार्मेल नावाच्या गावाने मात्र १९७५ मध्येच त्यावर बंदी घातली होती. पुढे बेव्हर्ली हिल्सनेही घातली. तक्रार तेव्हा फक्त आवाजाची होती.

धुराचं गणित नंतर कळलं. आत असतं टू-स्ट्रोक इंजिन. बाबांची जुनी चेतक आठवतेय? पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालायचं आणि मागून निळा धूर. तेच हे. यात जवळजवळ एक तृतीयांश इंधन न जळताच बाहेर पडतं. २०११ साली एडमंड्सने एका ब्लोअरची फोर्डच्या धिप्पाड रॅप्टर पिकअपशी तुलना केली. अर्ध्या तासात ब्लोअरने जेवढे हायड्रोकार्बन सोडले, तेवढ्यासाठी ती पिकअप टेक्सासपासून अलास्कापर्यंत, म्हणजे सुमारे ६,२०० किलोमीटर चालवावी लागली असती. मी हा आकडा दोनदा वाचला.

असो. तर १९९६ मध्ये लॉस एंजेलिसच्या कौन्सिलने ठरवलं की घरापासून ५०० फुटांच्या आत पेट्रोलचा ब्लोअर चालवायचा नाही. नाहीतर १,००० डॉलर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आवाजासाठी कैद! बंदी मागणाऱ्यांत हॉलिवूडची मंडळीही होती. यंत्र पाठीवर वाहणारे बहुतेक मेक्सिको, मध्य अमेरिकेतून आलेले माळी. त्यांचं म्हणणं साधं होतं. पैसे अंगणामागे मिळतात. झाडूने वेळ जास्त लागणार, मालक एक डॉलरही वाढवून देणार नाही, म्हणजे दिवसाला अंगणं कमी. जानेवारी १९९८ मध्ये काही माळी सिटी हॉलबाहेर उपोषणाला बसले. कैदेची शिक्षा गेली, दंड कमी झाला, बंदी राहिली. कागदावर.

मला यात खटकतं ते हे, की सगळ्यात जास्त आवाज आणि धूर खाणारा माणूस तो माळीच, आणि दंडही त्यालाच. ज्याचं अंगण आहे तो नामानिराळा. पोलिस तरी पानांमागे किती धावणार?

२०२१ मध्ये राज्याने दुसरीकडून हात घातला. कायदा असा, की २०२४ पासून बनणारी नवी लहान इंजिनं धूर न सोडणारी हवीत. म्हणजे पकडायचं कारखान्याला. व्यावसायिक माळ्यांना बदलासाठी ३ कोटी डॉलर ठेवले. जुनी यंत्रं वापरायला मात्र या कायद्याची आडकाठी नाही. वॉशिंग्टन डीसीने २०२२ पासून वापरच बंद केला.

एकदा धीर करून काकांना विचारलं, "तुम्ही बॅटरीवाला का नाही घेत?" त्यांनी कानातले कापसाचे बोळे काढले आणि ट्रककडे बोट दाखवलं. "दिवसाला बारा अंगणं. एवढ्या बॅटऱ्या कोण घेऊन देणार? आणि चार्ज कुठे करू?"

मी रात्री काम करतो, एवढंच त्यांना सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून ते आमच्याकडे सगळ्यात शेवटी, दुपारी यायला लागले.