मध्यरात्रीचा खेळ, मुडदा मोफत

आधी मुखवटा चढवा. आपण 1953 सालच्या ओहायोतल्या एका लहान गावात उतरतोय आणि तुमच्यासारखा चेहरा इथे आसपास दुसरा नाही. पण आज 31 ऑक्टोबर, हॅलोविन. आज कुणी कुणाचा चेहरा विचारत नाही. मुखवटा खळ लावून कडक केलेल्या जाळीदार कापडाचा आहे. आत सरसाचा आणि रंगाचा वास कोंडलाय. जरा वेळाने तुमच्याच श्वासाने तो ओठांपाशी ओला होईल, मऊ पडेल आणि हनुवटीला चिकटेल. तरी काढू नका.

फुटपाथवर सुकी पानं घोट्यापर्यंत साचलीत. रस्त्याच्या कडेने लोकांनी त्याच पानांचे ढीग पेटवून दिलेत, त्यामुळे डोळे चुरचुरतात आणि कपड्यांना आत्ताच धुराचा वास लागलाय. प्रत्येक ओसरीवर कोरलेला भोपळा. आतल्या मेणबत्तीने त्याचं झाकण खालून भाजतंय; गोडूस-करपट वास येतोय. पोरांच्या टोळ्या धावताहेत. कुणी आईची चादर पांघरलीय, कुणी बापाचा कोट चढवून जळक्या बुचाने मिशा काढल्यात. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी बेन कूपर कंपनीचा खोक्यातला तयार पोशाख आणलाय आणि ते उगाच भाव खाताहेत.

त्यांच्यात घुसा आणि दार ठोठावा. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ एवढंच ओरडायचं. बाई पाकात वळलेला पॉपकॉर्नचा लाडू तुमच्या पिशवीत टाकतील. दुसऱ्या घरी डोनट, तिसऱ्या घरी सफरचंद. सफरचंद बघून शेजारच्या पोराचं तोंड उतरतं ते बघा. महायुद्धात साखर रेशनवर होती, ती मोकळी होऊन सहा वर्षं झाली. आता या मुलांना फळं देऊन कोण समजावणार? मोठी पोरं तर मागण्याच्या फंदातच पडत नाहीत. ती साबणाच्या वड्या घेऊन दुकानांच्या काचा रंगवत सुटलीत.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मासिकांच्या घोडीमागे एक मुलगा उकिडवा बसलाय. हातात दहा सेंटचं ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, म्हणजे कुजलेल्या प्रेतांचं रंगीत कॉमिक. वाचू द्या त्याला. वर्षभरात मोठी माणसं ही कॉमिक्स बंद पाडणार आहेत.

आता मेन स्ट्रीटवरच्या थिएटरकडे वळा. रात्रीचे साडेअकरा झालेत, नेहमीचा शेवटचा खेळ सुटलाय आणि तरी रांग पार पुढच्या चौकापर्यंत गेलीय. दाराशी अँब्युलन्स उभी आहे. पांढऱ्या कपड्यातली नर्स गंभीर चेहऱ्याने येरझारा घालतेय, कुणाला भोवळ आली तर असावी म्हणून. भिंतीवर पोस्टर: ‘आज एका भाग्यवान प्रेक्षकाला खराखुरा मुडदा मोफत!’

हा म्हणजे ‘स्पूक शो’. मध्यरात्री थिएटर रिकामं पडून असतं, तेवढ्यात जादू, भुतं आणि एक जुना सिनेमा असं सगळं एका तिकिटात विकून टाकायचं. मंदीच्या काळात एल-विन नावाच्या जादूगाराने हे दुकान थाटलं आणि बघता बघता गावोगावचे जादूगार ‘डॉक्टर’ झाले. डॉ. सिल्किनी तर स्टेजवर फ्रँकेनस्टाइनचा राक्षसच उभा करतात.

आत शिरलात की गरम वाफ अंगावर येते. ओले लोकरी कोट, केसांना थापलेलं क्रीम, सिगारेटी, पॉपकॉर्नचं तेल. बाल्कनीतून कुणीतरी अंडं भिरकावतं. पोरांना पोरी शेजारी बसवायच्यात, पोरींना ते ठाऊक आहे, आणि आईबाप घरी आहेत. माझ्या मते निम्मी तिकिटं खपतात ती यासाठीच; भुतांनी फार चढून जाऊ नये.

पडदा वर जातो. फेटा बांधलेला एक गोरा गृहस्थ पुढे येऊन खर्जात सांगतो की ही विद्या मला हिंदुस्थानातल्या फकिरांनी दिली. या हॉलमध्ये हिंदुस्थान पाहिलेले तुम्ही एकटेच, आणि तुमचं तोंड मुखवट्यात. फेटा मात्र इतका वाईट बांधलाय की उठून नीट करून द्यावासा वाटतो. तो एका मुलीला करवतीखाली घालतो, टेबल तरंगवतो. हॉलभर शिट्ट्या.

मग मुडद्याची सोडत. तुमच्या शेजारचा पोरगा नंबर बघून ताडकन उठतो, स्टेजवर जातो आणि परत येतो तो गोठवलेली, सोललेली कोंबडी काखेत घेऊन. मुडदा खराखुराच आहे, तक्रार कशाची करणार?

आणि अचानक डोळ्यांसमोर लख्ख उजेड फुटतो, लगेच काळोख. दारावरचे लाल दिवेसुद्धा झाकलेत. त्या झगझगाटाने डोळे इतके दिपलेत की स्वतःचा हात दिसत नाही. गल्लीतून पावलं पळतात. डोक्यावरून हिरवट चमकती भुतं सरकू लागतात. ती पातळ मलमलीची आहेत, अंधारात चमकणारा रंग फासलेली. काळे कपडे घातलेली मदतनीस पोरं त्यांना गळाच्या लांब काठ्यांवर नाचवताहेत. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मानेवर ओला दोरा फिरतो, तरी किंचाळता. स्टेजवरून आवाज येतो, ‘अळ्या!’ आणि अंगावर मूठभर काहीतरी सांडतं. तांदूळच. पण पाचशे माणसं एकदम ओरडली की तांदळालाही पाय फुटतात. पुढची मुलगी तुमच्या मांडीवरच चढलीय, मागून कुणीतरी केस ओढतंय. हा अंधार फार तर दोन-तीन मिनिटांचा असतो म्हणे. इतक्यात एक गारठलेला, ओलसर, पिसं नसलेला हात तुमच्या कॉलरमधून आत शिरतो.

दिवे लागतात तेव्हा तुम्ही खुर्चीवर उभे आहात, मुखवटा गळ्यात आलाय, आणि शेजारचा पोरगा कोंबडीची तंगडी हातात धरून गडाबडा लोळतोय. तुमचा खरा चेहरा बघायलाही त्याला फुरसत नाही.

पडद्यावर जुन्या भयपटांतला नट बेला लुगोसी येतो, फिल्म जागोजाग घासलेली. चार वर्षांनी युनिव्हर्सल स्टुडिओचे 52 जुने भयपट टीव्हीवर फुकट दिसायला लागतील आणि या रांगा विरळ होत जातील. आज मात्र लुगोसीकडे कुणाचं लक्ष नाही. पोरगा उठलाय, कोंबडी कोटाखाली दडवून पुढच्या रांगेकडे सरकतोय. तिथे त्याच्या वर्गातल्या मुली बसल्यात.